अजून शाळेत जाता येत होतं, तेव्हाच डॉक्टरकडे गेले

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात, वडूजपासून आत एक वाडी आहे, तिथली पहिली ते चौथीची दोनशिक्षकी शाळा. ताण पार डोक्यावरून जायच्या आधीच मी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत गेले, त्यातून काय काय झालं ते लिहितेय. कारण आमच्याकडे अजून असंच आहे की माणूस शाळेत चक्कर येऊन पडला, नाहीतर महिना महिना घराबाहेर पडेना झाला, की मग घरचे म्हणतात आता दाखवून आणू. तोवर कुणी जात नाही. मी बरीच आधी गेले आणि मला सगळं सोपं गेलं, औषधाशिवाय निभावलं, नोकरीत खंड पडला नाही, म्हणून सांगावंसं वाटतं.

आधी कामाचं सांगते, नाहीतर बाहेरच्याला वाटतं मास्तरांना कसला आलाय ताण, साडेदहा ते पाच शाळा आणि वर उन्हाळ्याची सुट्टी. आमच्याकडे तीसेक पोरं, शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेत, म्हणून आम्ही दोघंच. चार वर्ग, दोन माणसं आणि मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे. म्हणजे पहिली-दुसरी शिकवता शिकवता पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा, शिजल्यावर चव घेऊन रजिस्टरला लिहायचं, किती पोरं जेवली ते त्याच दिवशी ऑनलाइन टाकायचं, यू-डायसला, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलला, एकेका पोराची माहिती, आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळेना की पालकाला रानातनं बोलावून घ्यायचं, पोरांच्या ओळख क्रमांकाचा अपार आयडी, संकलित परीक्षेचे गुण, शिष्यवृत्तीचे फॉर्म, कुठलातरी दिवस साजरा केल्याचे फोटो, आणि वर बीएलओची, म्हणजे मतदार यादीच्या कामाची ड्यूटी, ती शाळा सुटल्यावर घरोघर फिरून. एकेक काम बघायला गेलं तर दहा-पंधरा मिनिटांचं. पण ते पोरांच्या पाढ्यांमधे घुसतं ना, तिथं सगळं बिघडतं. ग्रुपवर मेसेज पडतो 'अतितात्काळ, माहिती आजच चारपर्यंत, निरंक असल्यास निरंक कळवावे, अन्यथा खुलासा', आणि आमच्या वर्गात रेंज फक्त खिडकीपाशी येते, तेव्हा मी खिडकीपाशी फोन धरून उभी आणि पोरं माझ्या पाठीकडं बघत बसलेली. असे ग्रुप एक नाही, आसपासच्या शाळांच्या केंद्राचा वेगळा, तालुक्याचा वेगळा, आहाराचा वेगळा, बीएलओचा वेगळा.

हे सगळं काही वर्षं चालतंच होतं आणि मी ते करतही होते, चांगलं करत होते. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीपासून अंगावर काही गोष्टी दिसायला लागल्या. रविवारी दुपारी जेवण झालं की पोटात गोळा यायचा. फोनची रिंग वाजली की छातीत धडधड, मग तो फोन दूधवाल्याचा का असेना. पहाटे तीनला डोळे उघडायचे आणि मग पुढं झोप नाही, डोक्यात रजिस्टरं. सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा, दात आवळून झोपत असणार. ॲसिडिटी तर कायमची. घरात मुलगी काही सांगत असली तर कान तिच्याकडं पण मन दुसरीकडं, आणि ती "आई, तू ऐकतच नाहीस" म्हणून निघून जायची. यातल्या प्रत्येकाला माझ्याकडं कारण होतं, मिरची जास्त झाली, उशी बदलली पाहिजे, वय झालं आता.

मग एक गोष्ट झाली. माझ्याकडं दुसरीत एक मुलगा आहे, वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तिकडं तमिळनाडूत, हा आजीजवळ राहतो. त्याला जोडाक्षरं येत नव्हती. जोडाक्षर आलं की तिथं थांबायचा, माझ्याकडं बघायचा आणि पुस्तक मिटायचा. महिनोन् महिने मी त्याच्या मागं लागले होते, चिठ्ठ्या केल्या, खडूनं फरशीवर लिहून त्यावरनं उड्या मारायला लावल्या. त्या दिवशी मी फोनवर कसलीतरी लिंक भरत होते, गोल चक्र फिरत होतं, आणि हा माझ्या साडीला धरून उभा राहिला, म्हणाला बाई बघा, आणि पुस्तकावर बोट ठेवून त्यानं वाचलं, 'रस्-त्या-वर गाई बस-ल्या हो-त्या'. मग परत एकदा सलग वाचलं, रस्त्यावर गाई बसल्या होत्या. मी म्हणाले छान, जा बस जागेवर. आणि मला काहीच वाटलं नाही. म्हणजे आनंद नाही, राग नाही, काहीच नाही. या एका क्षणासाठी मी डीएड केलं असं मी सगळ्यांना सांगत आलेय, तो क्षण समोर आला आणि आत सगळं कोरडंठाक. संध्याकाळी गाडीवरून घरी येताना ते आठवलं आणि मला भीती वाटली, खरंच भीती. थकवा मला माहितीय, थकवा झोपल्यावर जातो. हे थकव्यासारखं नव्हतं.

त्या रात्री मी मोबाइलवर शोधत बसले. बर्नआउट हा शब्द ऐकून होते, पण तो आयटीवाल्यांचा, पुण्या-मुंबईवाल्यांचा आजार असं डोक्यात होतं. तसं नाहीये. हा शब्द या अर्थानं 1974 साली अमेरिकेतल्या हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं वापरात आणला, आणि तो त्यानं दवाखान्यात फुकट सेवा देणाऱ्या, लोकांसाठी जीव ओतून काम करणाऱ्या माणसांबद्दल वापरला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये त्याची नीट व्याख्या दिली, त्यात त्याला रोग म्हटलेलं नाही, कामातून येणारी अवस्था म्हटलंय, कामाच्या जागचा ताण सतत राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही की येणारी. तीन खुणा दिल्यात. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनानं लांब जाणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. मी ते वाचलं आणि दुसऱ्या ओळीपाशी थांबले. कामापासून मनानं लांब. तो मुलगा डोळ्यासमोर आला. पहिलं माझ्याकडं पुरेपूर होतं, दुसरं नुकतं सुरू झालं होतं, तिसरं अजून आलं नव्हतं कारण कामं मी वेळेतच करत होते. म्हणजे अजून वेळ होता.

पण लगेच मानसोपचार वगैरे नाही, आधी वडूजला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले आणि हे सगळ्यांनी असंच करावं असं मला वाटतं. त्यांनी रक्त तपासायला लावलं, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी12, ड जीवनसत्त्व. थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच मंद होतो, मन लागत नाही, त्यामुळे ते आधी बघावं लागतं म्हणाले. माझं थायरॉइड नॉर्मल निघालं, पण हिमोग्लोबिन दहाच्या खाली. बाईमाणसाचं बाराच्या वर पाहिजे. बी12 पण कमी. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि महिनाभरात जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. किती बायका मनाचा त्रास मनाचा त्रास म्हणून सोसत असतील आणि निम्मं दुखणं रक्तात असेल, याचा विचार करून वाईट वाटतं. पण पोटातला रविवारचा गोळा काही गेला नाही. ते रक्तात नव्हतं.

पुढचं पाऊल म्हणजे 14416 ला फोन. हा टेली-मानसचा नंबर आहे, केंद्र सरकारनं 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केलेली सेवा, चोवीस तास, फुकट, आणि भाषा मराठी निवडता येते. सगळे झोपल्यावर मी गच्चीवर जाऊन फोन लावला. पलीकडं एक ताई होत्या. नाव सांगायची सक्ती नाही म्हणाल्या. मला काय बोलायचं तेच सुचेना, मी म्हणाले माझा तसा काही मोठा प्रॉब्लेम नाहीये, लोकांना किती काय काय असतं, मी आपलं उगीच केलाय. त्या म्हणाल्या, तुम्ही आत्ता फोन केलाय हे चांगलंच आहे, बोला. मग मी बोलले, बराच वेळ. त्यांनी मधे एक-दोनदा विचारलं की जीव नकोसा होतो का, स्वतःला काही करावं असं मनात येतं का. नव्हतं येत, तसं सांगितलं. शेवटी त्यांनी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं मानसशास्त्रज्ञही भेटतात, प्रत्यक्ष जाऊन या असं सांगितलं. (तुमच्या मनात तसे विचार येत असतील तर मात्र ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका. त्याच क्षणी फोन करा आणि घरातल्या एकाला तरी उठवून सांगा.)

घरी सांगणं हे त्या फोनपेक्षा अवघड होतं. नवरा म्हणाला जाऊ की, डेअरीला दूध घालतो आणि येतो सोबत, त्यात काय. सासूबाई मात्र घाबरल्या. "येड्याच्या डागदराकडं कशाला जातीयास गं, चार दिवस म्हायेरला जाऊन ये, बरं वाटंल." त्यांचं सगळंच चूक होतं असं नाही, माहेरी जाऊन मला बरं वाटतंच. पण मी त्यांना म्हणाले, आई, माहेराहून परत आल्यावर शाळा तीच आहे ना. त्यावर त्या गप्प बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनीच आमचा डबा केला.

साताऱ्याला सिव्हिलमध्ये नेहमीसारखा केसपेपर काढला आणि त्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पदर डोक्यावरनं घेतला होता, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. आणि भेटलंच, दुसऱ्या तालुक्यातले एक गुरुजी, एका प्रशिक्षणात ओळख झालेली. त्यांनी आधी खाली मान घातली, मीही भिंतीकडं बघितलं. मग थोड्या वेळानं तेच सरकून जवळ आले आणि म्हणाले, मॅडम, तुमचा नंबर कितवा? एवढंच. नंतर आम्ही दोघं कुठल्या पोर्टलवर काय अडतं यावर बोलत बसलो आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

बऱ्याच जणांना भीती असते की हे सर्व्हिस बुकात जाईल, साहेबांना कळेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे 2017 चा, त्याच्या 23व्या कलमात रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय. दवाखाना तुमच्या ऑफिसला आपणहून काही कळवत नाही. मी किरकोळ रजा टाकली, कारण 'घरगुती', कुणी काही विचारलं नाही.

डॉक्टर तरुण होत्या, घाई नव्हती त्यांना, याचंच नवल वाटलं. त्यांनी दोन मराठी कागद दिले भरायला, एकात नऊ प्रश्न होते उदासीबद्दलचे, दुसऱ्यात सात, काळजीबद्दलचे. गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, अजिबात नाही ते जवळजवळ रोज, त्याला शून्य ते तीन गुण. उदासीचे माझे गुण दहाच्या आत आले, काळजीचे त्याहून जास्त. मग त्यांनी एक प्रश्न विचारला तो माझ्या कायम लक्षात राहील. "दिवाळीच्या सुट्टीत कसं होतं?" मी आठवून सांगितलं, पहिले तीन-चार दिवस नुसती पडून होते, मग बरं वाटलं, अनारसे केले, जावेबरोबर हसले-खिदळले, झोपही लागली, आणि शाळा भरायच्या दोन दिवस आधी परत पोटात गोळा. त्या म्हणाल्या, हे महत्त्वाचंय. नैराश्य असेल तर ते बहुतेक वेळा सगळीकडं पसरतं, सण असो की सुट्टी, गोडधोड असो, कशातच चव राहत नाही. तुमची चव अजून आहे, ती कामाच्या बाजूनं कमी होत चाललीय. बोअरचं पाणी कमी झालंय, मोटर अजून जळलेली नाही, आत्ता बंद करून पाणी साठू दिलं तर मोटर वाचेल. त्या आमच्याच भागातल्या असणार, खटाव-माणच्या माणसाला याहून सोपं कुणी समजावू शकत नाही. गोळ्यांची आत्ता गरज नाही म्हणाल्या, पण पुढं लागल्या तर घ्यायला लाजायचं नाही, बीपीची गोळी घेतो तसंच, असंही आधीच सांगून ठेवलं.

नंतर मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे पाठवलं, त्यांच्याकडे मी पुढं काही महिने जात राहिले. मला वाटलं होतं त्या म्हणतील मनाला लावून घेऊ नका, पॉझिटिव्ह विचार करा. तसं काही नाही. पहिलं काम त्यांनी दिलं ते म्हणजे वही. आठवडाभर सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुठल्या कामाला किती वेळ गेला ते अर्ध्या अर्ध्या तासानं लिहायचं, आणि शेजारी फक्त एक खूण, या कामानंतर अंगात बळ आलं की गेलं.

ती वही बघून मीच हादरले. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे तास 45 धरलेत, त्यात पाठाची तयारी पण आली. माझे साठच्या घरात जात होते, आणि त्यातलं शिकवणं निम्म्याच्या आसपास. पण धक्का मला त्याचा नाही बसला, खुणांचा बसला. बळ आलं अशा खुणा होत्या त्या सगळ्या पोरांसोबतच्या, परिपाठ, गोष्ट सांगणं, अगदी शेंबूड पुसणं सुद्धा. म्हणजे मला काम नको झालं नव्हतं. माझं काम मला करायला मिळत नव्हतं, त्याचा तो त्रास होता. हे कळल्यावर मी तिथं रडले, आणि त्या मॅडमनी रडू दिलं.

मग कामाला लागलो. मी आणि मॅडमनी कामांची यादी केली, कुठलं माझ्याशिवाय होणार नाही, कुठलं वाटून घेता येईल, कुठलं आज नाही केलं तरी काही बिघडणार नाही. निवडणुकीचं काम कायद्यानंच आहे, शिक्षण हक्क कायद्याच्या 27व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढी शिक्षकांना देता येतात, तेव्हा त्याच्याशी भांडण्यात शक्ती घालवायची नाही असं ठरवलं. शाळेतले दुसरे सर माझ्यापेक्षा लहान आहेत, कॉम्प्युटरवर हात चांगला. मी त्यांच्याजवळ बसून सगळं खरं सांगितलं, दवाखान्याचंसुद्धा. ते म्हणाले, मॅडम, मला वाटायचं तुम्हाला दुसऱ्यानं हात लावलेला आवडत नाही. यू-डायस आणि आधारचं त्यांनी घेतलं, आहाराचं आणि पत्रव्यवहाराचं माझ्याकडं राहिलं. आधारची नावं दुरुस्त करायला पालकांना एकेक करून बोलावण्यापेक्षा शाळेतच एक दिवस कॅम्प लावून घेतला. परत परत तीच माहिती मागतात ना, पटसंख्या, जातीनिहाय, मुलं-मुली, शौचालय, पाणी, वीज, त्याचं एकच शीट करून ठेवलं, आता मागितलं की तेच पाठवतो. निम्मे 'अतितात्काळ' त्यातच मिटले.

केंद्रप्रमुखांशी, म्हणजे आमच्या केंद्रातल्या शाळा बघणाऱ्या साहेबांशी, बोलायचं मला सगळ्यात जड गेलं. मॅडमनी माझ्याकडून आधी त्याची तालीम करून घेतली, त्या केंद्रप्रमुख झाल्या आणि मी मी. तक्रार करायची नाही, कागदावर वेळ दाखवायचा आणि एकच गोष्ट मागायची. मी वहीचं ते पान घेऊन गेले आणि म्हणाले, सर, साडेदहा ते दीड मी फोन बघणार नाही, त्या वेळात पहिली-दुसरीचं वाचन घेते. खरंच तातडीचं असेल तर फोन लावा, मी उचलीन. सर म्हणाले, अहो मलाही वरून येतं, मी काय करू. पण पान बराच वेळ बघत राहिले. नंतर त्यांनीच केंद्राच्या ग्रुपवर टाकलं की माहिती दुसऱ्या दिवशी बारापर्यंत दिली तरी चालेल. सगळ्यांना असे सर मिळतील असं नाही, हे मला माहितीय. पण मागितल्याशिवाय मिळत नाही हेही तितकंच खरंय. आणि त्या साडेदहा ते दीडमध्ये फोन असा क्वचितच येतो, ज्याला ग्रुपवर अतितात्काळ म्हणत होते त्यासाठी फोन लावायची गरज कुणालाच पडत नाही.

इथं मला एक गोष्ट जोर देऊन सांगायचीय. ताणावर उपाय म्हणून आम्हाला प्रशिक्षणात श्वासाचे प्रकार शिकवतात, ध्यान करायला लावतात, आणि त्याच वेळी सगळ्यांच्या मांडीवरचे फोन थरथरत असतात. मला याचा राग येतो. श्वास चांगलाच आहे, मीही करते, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास येतील इतका संथ, सोडताना घेण्यापेक्षा लांब, त्यानं धडधड खरंच खाली येते. पण कामाचा बोजा तसाच ठेवून माणसाला नुसता श्वास शिकवला की त्याचा अर्थ होतो, बोजा बरोबर आहे, तूच कमकुवत आहेस. आमच्या मॅडमनी श्वास शिकवला तो वहीनंतर, यादीनंतर. क्रम असा पाहिजे.

झोपेचं मात्र सगळं माझ्याच हातात होतं आणि तिथं फरक लवकर पडला. उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा. रात्री अंथरुणात फोन नाही, तो स्वयंपाकघरात चार्जिंगला. चहाचा शेवटचा कप चारच्या आधी, कारण कॅफिन अंगातून निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, आणि मी बीएलओचं फिरताना सात-सात वाजता घरोघरी चहा पीत होते, नको म्हटलं तर लोकांना राग येतो. आता हळद-दूध द्या म्हणते, हसतात पण देतात. पहाटे तीनला जाग आली तर लोळत पडायचं नाही, वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, दिवा मंद, हाताला काहीतरी चाळा, मी शेंगा सोलते, डोळे जड झाले की परत आत. अंथरूण म्हणजे विचार करायची जागा अशी सवय मेंदूला लागलेली असते, ती यानं मोडते. विचारांसाठी वेगळी वेळ दिली, संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटं, वहीत काळजी लिहायची, त्यातलं काही करता येण्यासारखं असलं तर पुढं उद्याची तारीख टाकायची. सुरुवातीला मला हे पोरकट वाटलं. पण तीन वाजता डोक्यात रजिस्टर आलं की मनाला सांगता यायला लागलं, ते सहाला बघू.

मॅडमनी अजून एक करायला लावलं, रोज असं एक काम ज्याचा फोटो कुठंही अपलोड करायचा नाही. मी शेजारच्या दोघींबरोबर ओढ्याच्या कडेनं चालायला जाते आणि शाळेत शेवटचा अर्धा तास गोष्टीचा ठेवलाय. रजिस्टरला त्याची नोंद नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मतदार यादीचं काम जोरात आलं तेव्हा परत जबडा दुखायला लागला, परत रविवारचा गोळा. फरक एवढाच की या वेळी मी ते ओळखलं. जबडा माझी पहिली खूण आहे, मग झोप, मग चिडचिड, आणि सगळ्यात शेवटी ते कोरडेपण. मॅडमनी हा क्रम मला लिहून काढायला लावला होता आणि नवऱ्यालाही दाखवायला सांगितला होता, कारण घरच्यांना आपल्या आधी कळतं. आता तोच म्हणतो, रात्री दात वाजतायत हं तुझे. मग मी वही काढते, दोन कामं पुढं ढकलते, आणि आठवड्यात उतरलं नाही तर सिव्हिलला चक्कर मारून येते. त्या वेळी तसंच केलं, एका बैठकीत निभावलं. लवकर गेलं की लवकर निभतं, एवढं मला आता पक्कं कळलंय.

जोडाक्षरवाला मुलगा आता तिसरीत आहे. वर्गाच्या भिंतीवरचं सगळं वाचून झालं त्याचं, परवा तांदळाच्या पोत्यावरचं वाचत होता, मी काम बाजूला ठेवून त्याच्याशेजारी उकिडवी बसले आणि आम्ही दोघांनी अख्खं पोतं वाचून काढलं. त्याच्या आजीला मी मुद्दाम घरी जाऊन सांगितलं.

काही मैत्रिणींनी विचारलं म्हणून जाण्याबद्दलचं थोडं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, त्यातून जिल्हा रुग्णालयात ही सेवा मिळते. आपल्या सिव्हिलला ओपीडीचे वार आधी विचारून घ्या, आणि मानसशास्त्रज्ञ कुठल्या दिवशी असतात तेही वेगळं विचारा, दोन्ही एकाच दिवशी झालं तर एक रजा वाचते. आठवडाभर झोपेच्या वेळा लिहून न्या, तिथं आयत्या वेळी आठवत नाही. सोबत कुणी असलं तर बरं, पण आत बोलताना एकटीनंच बसायचं असेल तर तसं सांगा, ते मान्य करतात. साताऱ्याला सकाळी लवकरची एसटी धरलीत तर केसपेपरची रांग छोटी असते, आणि रक्ताचे जुने रिपोर्ट असतील तर पिशवीत टाकून न्या.